टाचण, पाठ, निरीक्षण, पुनर्पाठ: विद्यापीठातलं शिक्षक-प्रशिक्षण काल आणि आज

बी.एड.चं प्रशिक्षण आम्ही घेतलं तेव्हा ते एका वर्षाचं होतं. आता दोन वर्षांच्या बी.एड.मधल्या छात्राध्यापकांचे, म्हणजे शिकाऊ शिक्षकांचे, पाठ आम्ही बघतो. या दोन टोकांच्या मध्ये बरंच काही बदललं. सेमिस्टर आलं, क्रेडिट आली, पेपरांची नावं बदलली, फळ्याच्या जोडीला स्मार्ट बोर्ड आला. शिक्षक मात्र अजूनही एकाच फेऱ्यातून घडतो. टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, लिहायचं, मार्गदर्शकाकडून मंजूर करून घ्यायचं, पाठ घ्यायचा, कोणीतरी तो पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बघायचा, त्यावर बोलायचं आणि पाठ दुरुस्त करून पुन्हा घ्यायचा. हा फेरा जिथे पूर्ण होतो तिथे साधारण कुवतीची मुलंही चांगले शिक्षक होऊन बाहेर पडतात. तो तुटला, की अभ्यासक्रम कितीही लांबवा, हाती जर्नलांचा गठ्ठाच उरतो.

या कामाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. ब्रिटिश काळातल्या शिक्षणविषयक धोरणात, १८५४ च्या वुडच्या खलित्यात, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा आग्रह होता. त्याच्याही आधी सावित्रीबाई फुले यांनी नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचं शिक्षण घेतलं होतं. पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये त्यांचं नाव मिळालं, म्हणजे आज हे विद्यापीठ एका प्रशिक्षित शिक्षिकेच्या नावाने चालतं. शिक्षणशास्त्र विभागात काम करणाऱ्यांना याचा अभिमान वाटलाच पाहिजे. माध्यमिक शिक्षकांसाठीची सोय उशिरा झाली. व्हाइसरॉय कर्झनच्या काळात, १९०४ च्या शैक्षणिक धोरणाच्या ठरावात, प्रशिक्षण महाविद्यालयांवर भर दिला गेला आणि १९०६ मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघालं. पुण्यात टिळक शिक्षण महाविद्यालय १९४१ चं, पुणे विद्यापीठ १९४९ चं. त्या काळी पदवीचं नाव बी.टी. होतं, पुढे बी.एड. झालं. जुन्या शाळांच्या फलकांवर मुख्याध्यापकांच्या नावापुढे ‘बी.ए., बी.टी.’ अजून वाचायला मिळतं.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) प्रशिक्षणाचं नेमकं दुखणं सांगितलं. या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते. प्रशिक्षण महाविद्यालयं तीन ठिकाणांपासून तुटलेली आहेत, असं आयोगाचं निदान होतं: विद्यापीठाच्या ज्ञानव्यवहारापासून, शाळांपासून आणि एकमेकांपासून. यातलं शाळांपासूनचं तुटलेपण आम्हाला सर्वांत घातक वाटतं. पुढे प्रत्येक सुधारणेने ते सांधण्याचा प्रयत्न केला. कुठे जमलं, कुठे कागदावर राहिलं.

जुन्या प्रशिक्षणाचा कणा म्हणजे जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या पायऱ्यांवर बेतलेला पाठ. प्रस्तावना, हेतुकथन, विषय प्रतिपादन, संकलन, उपयोजन आणि शेवटी गृहपाठ. तास ३५ ते ४० मिनिटांचा. त्यात प्रस्तावनेला पाच मिनिटं, प्रतिपादनाला वीस-बावीस, संकलनाला पाच, उपयोजनाला तीन-चार आणि गृहपाठाला उरलेली दोन, अशी वाटणी शिकवली जायची. टाचणाच्या पानावर रकाने आखायचे: अध्यापन मुद्दा, उद्दिष्ट व स्पष्टीकरण, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलक लेखन, मूल्यमापन. उद्दिष्टांचा साचा अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ब्लूमचा. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य आणि प्रत्येकाखाली ‘विद्यार्थी कारणे सांगतो’, ‘विद्यार्थी तुलना करतो’ अशी स्पष्टीकरणं. या साच्याला आज नावं ठेवण्याची पद्धत आहे. आमचं मत वेगळं आहे. नवख्या माणसाला चाळीस मिनिटं चाळीस मुलांसमोर उभं राहायचं असतं, तेव्हा हातात साचा असलेला बरा. दोष शिरतो तो साचा पाठ होऊन विचार थांबला की. स्पष्टीकरणं गाईडमधून उतरवली जातात, ‘विद्यार्थी कृती’च्या रकान्यात खालपासून वरपर्यंत ‘लक्षपूर्वक ऐकतात’ एवढंच लिहिलं जातं. टाचण तपासताना आम्ही पहिल्यांदा हाच रकाना बघतो. तिथे क्रियापदं बदलत नसतील, तर पाठात मुलांना काही काम दिलेलं नाही हे वर्गात जाण्याआधीच कळतं.

एक पाठ जवळून बघू. आठवीच्या भूगोलातला ‘स्थानिक वेळ व प्रमाण वेळ’ हा घटक सरावपाठासाठी पुष्कळ जण निवडतात. ठरलेली प्रस्तावना अशी असते: पृथ्वी स्वतःभोवती फिरायला किती तास घेते? चोवीस. रेखावृत्तं किती? तीनशे साठ. भारताची प्रमाण वेळ कोणत्या रेखावृत्तावरून ठरते? इथे वर्ग गप्प होतो आणि छात्राध्यापक फळ्यावर घटकाचं नाव लिहून मोकळा होतो. प्रश्नांची साखळी शिक्षकाच्या मनात जुळलेली असते. मुलांना तिसऱ्या प्रश्नाची गरज का पडली, तेच कळलेलं नसतं.

हाच पाठ पुन्हा घेताना आम्ही एका प्रश्नाने सुरुवात करायला सांगतो: पुण्यात काठीची सावली दिवसातली सगळ्यांत आखूड होते, तेव्हा घड्याळात किती वाजलेले असतात? वर्ग एका आवाजात ‘बारा’ म्हणतो. शक्य असेल तर आदल्या दिवशी मैदानात काठी रोवून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करून ठेवायची आणि ती नोंद वर्गात आणायची. आखूड सावली बारा पस्तीसच्या आसपास मिळते, वर्षभरात पंधरा-एक मिनिटं मागेपुढे. मग मुलंच विचारतात, असं का? आता ८२ अंश ३० मिनिटांचं रेखावृत्त सांगायला जागा तयार झाली. पुणे साधारण ७३ अंश ५१ मिनिटांवर, फरक साडेआठ अंशांहून थोडा जास्त, प्रत्येक अंशाला चार मिनिटं, म्हणजे सुमारे पस्तीस मिनिटं. हेतुकथन वेगळं करावंच लागत नाही.

प्रतिपादनात अडखळण्याच्या जागाही ठरलेल्या असतात. ‘एका अंशाला चार मिनिटं’ हे छात्राध्यापक सांगून टाकतात. ते मुलांकडून काढून घ्यायला हवं: २४ तासांची १४४० मिनिटं, भागिले ३६०. दुसरी अडचण बेरीज-वजाबाकीची. पूर्वेला गेलं की वेळ पुढे, हे पाठ करून घेतलं की उदाहरणात मुलं हमखास उलटं करतात. पृथ्वीगोल पश्चिमेकडून पूर्वेकडे हाताने फिरवून, टॉर्चचा झोत एका जागी धरून, आधी कुणाला उजेड मिळाला हे दाखवलं की मग चुका फार होत नाहीत. तिसरी अडचण अंशाच्या मिनिटांची आणि वेळेच्या मिनिटांची. उदाहरणात ३० मिनिटं रेखांश आले की मुलं ती थेट घड्याळात मिळवतात. रेखांशाची १५ मिनिटं म्हणजे वेळेचं एक मिनिट, हे फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून तास संपेपर्यंत पुसायचं नाही. उपयोजनाला भारताचं पूर्व-पश्चिम टोक घ्यावं. सुमारे २९ अंशांचा फरक, म्हणजे जवळजवळ दोन तास. अरुणाचलात शाळा भरायच्या वेळी गुजरातच्या टोकाला काय चित्र असेल, ते दोन वाक्यांत लिहा, एवढं सांगितलं तरी मूल्यमापन होतं.

हा बदल पहिल्या पाठात कुणालाच साधत नाही. तो निरीक्षणानंतरच्या चर्चेतून येतो, आणि ती चर्चा कशी करायची हेही शिकवावं लागतं. छात्राध्यापक एकमेकांचे पाठ बघतात आणि निरीक्षण तक्त्यात लिहितात: ‘पाठ चांगला झाला. आवाज स्पष्ट होता. फलक लेखन सुधारावे.’ या शेऱ्याचा कुणालाही उपयोग नाही. आम्ही निरीक्षकाला एकच काम देतो: शिक्षकाने विचारलेला प्रत्येक प्रश्न शब्दशः लिहायचा, उत्तर कोणत्या बाकावरून आलं ते बाकाच्या आराखड्यावर टिंबाने दाखवायचं आणि प्रश्न व पुढच्या शब्दाच्या मध्ये किती सेकंद गेले ते टिपायचं. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरं लांब आणि विचारी होतात. आपल्या वर्गांतही हेच दिसतं. नवखा शिक्षक शांततेला घाबरतो. प्रश्न विचारतो, लगेच तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो आणि तिसऱ्यांदा स्वतःच उत्तर देतो. बाकांच्या आराखड्यावर सगळी टिंबं पहिल्या दोन रांगांत गोळा झालेली दिसली की वेगळं काही सांगावं लागत नाही.

फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषण पद्धत, म्हणजे वर्गात कोण किती बोलतं ते मोजण्याची रीत, जुन्या अभ्यासक्रमात होती, तिची परीक्षेपुरती टीप लिहिली जायची. ती प्रत्यक्ष वापरून बघावी. दहा प्रकार आहेत: सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि एक शांततेचा किंवा गोंधळाचा. दर तीन सेकंदांनी त्या क्षणी काय चाललंय त्याचा आकडा टिपायचा. मिनिटाला वीस, पस्तीस मिनिटांच्या तासाचे सातशे आकडे. वर्गात बसून हे करणं अवघड, पण आता मोबाइलवर पाठ ध्वनिमुद्रित करता येतो आणि सावकाश ऐकून आकडे मांडता येतात. शाळेची परवानगी आधी घ्यायची, मुलांचे चेहरे टिपायचे नाहीत, आवाज पुरतो. सातशेपैकी पाच-सहाशे आकडे स्वतःच्याच बोलण्याचे आहेत, हे छात्राध्यापकाने स्वतः मोजलं की त्याचा परिणाम आमच्या शेऱ्यापेक्षा कितीतरी जास्त होतो.

पूर्ण पाठाच्या आधी सूक्ष्म अध्यापन असतं, म्हणजे मोजक्या मिनिटांत एकाच कौशल्याचा सराव. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि सहकाऱ्यांनी ते विकसित केलं. आपल्याकडे पुढच्या दशकात बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, इंदूर विद्यापीठ आणि एनसीईआरटी (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) यांनी ते भारतीय वर्गांना जुळवून घेतलं. स्टॅनफर्डकडे व्हिडिओ कॅमेरे होते. इथे कॅमेऱ्याच्या जागी सहाध्यायी बसले आणि खऱ्या मुलांच्या जागीही सहाध्यायीच बसले. चक्र ३६ मिनिटांचं: सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (पाठाबद्दलचा अभिप्राय), बारा मिनिटं पुनर्नियोजन, सहा मिनिटं पुनर्पाठ, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. समोर पाच ते दहा जण. एका वेळी एकच कौशल्य: सज्जता प्रवर्तन (वर्गाचं मन विषयाकडे वळवणं), प्रश्न, स्पष्टीकरण, दिग्दर्शन, चेतक बदल (आवाज, हावभाव बदलून लक्ष टिकवणं), प्रबलन (उत्तराला प्रोत्साहन), फलक लेखन, समारोप. नंतर दोन-तीन कौशल्यं जोडून सेतुपाठ.

सूक्ष्म अध्यापन बिघडतं ते बहुतेक वेळा पुनर्नियोजनाच्या बारा मिनिटांत. वेळ वाचवायला तीच कापली जातात. एका दिवसात गटातल्या दहाही जणांचं एक कौशल्य उरकायचं म्हटलं, की पाठ झाला, टाळ्या झाल्या, पुढचा या, असं सुरू होतं. पुनर्पाठ वहीत लिहिला जातो, घेतला जात नाही. दहा जणांची पूर्ण चक्रं घ्यायची तर एका गटाला सहा तास लागतात, तेव्हा वेळापत्रकात दोन दिवस मोकळे ठेवूनच कौशल्य हाती घ्यावं. कमी कौशल्यं झाली तरी चालतील, पण हाती घेतलेल्याचा फेरा पुरा व्हावा. प्रश्न, स्पष्टीकरण आणि फलक लेखन ही तीन नीट झाली तर बाकीची सरावपाठात सावरता येतात, हा आमचा अनुभव. प्रबलनाच्या पाठाला तर कोणी ‘छान’, ‘शाब्बास’ प्रत्येक उत्तराला वाटतं आणि चुकीच्या उत्तरालाही देऊन बसतं. उत्तरातलं नेमकं काय बरोबर आहे ते सांगितलं तरच ते प्रबलन.

महाराष्ट्रात आशययुक्त अध्यापन पद्धतीवर, म्हणजे विषयाचा आशय आणि तो शिकवण्याची पद्धत एकत्र शिकण्यावर, दीर्घकाळ भर दिला गेला, आणि तो योग्यच होता. पदवीला भूगोल घेतलेल्यालाही आठवीचं पुस्तक शिकवताना आशयाच्या गाठी सोडवाव्या लागतात. पाठ्यपुस्तकाचं आशय विश्लेषण करायला लावलं की दहातल्या सात-आठ जणांची पद्धतीबद्दलची अडचण खरं तर आशयाची निघते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात हे काम पातळ झालं आहे, हे आम्हाला खटकतं.

दोन वर्षांचा अभ्यासक्रम आला त्याची मुळं महाराष्ट्रातच आहेत. डी.टी.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या, कॉलेजांच्या मान्यतेचा वाद इथून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०१२ मध्ये अहवाल आला, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, २०१४ मध्ये नवे नियम केले आणि २०१५-१६ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, आठवड्याला ३६ तास, वर्गातल्या कामाला ८० टक्के आणि शाळेतल्या छात्रसेवाकाळाला (इंटर्नशिप) ९० टक्के हजेरी. छात्रसेवाकाळ एकूण २० आठवड्यांचा: पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. शिवाय व्यावसायिक क्षमता वाढवणारे चार अभ्यासक्रम: मजकुराचं वाचन व चिंतन, शिक्षणातलं नाट्य व कला, माहिती तंत्रज्ञान आणि स्वतःची ओळख. नाट्य व कलेचा आम्हाला फार उपयोग दिसला. चार वाक्यं आवाज बदलून वाचायला शिकलेल्या मुलीचा मराठीचा पाठ लगेच वेगळा ऐकू येतो.

नियम चांगले आहेत. त्यांची गाठ शाळेच्या वर्षाशी पडते तेव्हा अडचण येते. सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा, निकाल, कॅपच्या म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, संस्था पातळीवरचे प्रवेश, असं करत प्रथम वर्षाचे वर्ग अनेकदा शाळांचं पहिलं सत्र संपत आल्यावर भरतात. मग पहिल्या वर्षाचे शाळेतले चार आठवडे वार्षिक परीक्षेच्या तोंडावर येतात. दुसऱ्या वर्षाचे सोळा आठवडे सलग मिळायला हवेत, तर मध्ये प्रथम सत्र परीक्षा, दिवाळीची सुट्टी, डिसेंबरातल्या क्रीडास्पर्धा आणि स्नेहसंमेलन, जानेवारीत दहावीची पूर्वपरीक्षा. सरळ हिशेब आहे: जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ पकडला तरच सोळाच्या जवळपास आठवडे हाती लागतात. त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि शाळांची संमतिपत्रं एप्रिलमध्येच घेऊन ठेवावी लागतात. जूनमध्ये पत्रं पाठवली की शाळेचं वेळापत्रक लागलेलं असतं आणि छात्राध्यापकांच्या वाट्याला मोकळे तास येतात.

मोकळा तास हा छात्रसेवाकाळाचा सगळ्यांत मोठा शत्रू. शाळेत शिक्षक कमी असतात, त्यामुळे आठ-दहा छात्राध्यापक आले की शाळेला हायसं वाटतं, आणि त्यात शाळेची चूक नाही. पण मग इतिहासाच्या मुलीला सातवीच्या गणिताच्या तासाला वर्ग शांत ठेवायला बसवतात, वह्या तपासायला देतात, सरल या शासनाच्या ऑनलाइन प्रणालीतल्या नोंदी भरायला सांगतात. पाठ होतात, पण टाचणाशिवाय आणि निरीक्षणाशिवाय. यावर एकच उपाय चाललेला दिसतो. पहिला आठवडा फक्त निरीक्षणाचा ठेवायचा, त्यातच विषयशिक्षकांबरोबर बसून कोणत्या इयत्तेचा कोणता घटक कोणाकडे हे आठवडावार लिहून घ्यायचं, आणि ते पान मुख्याध्यापकांच्या सहीने शिक्षकखोलीत लावायचं. घटक नेमून दिला की तो शिकवण्याची जबाबदारी छात्राध्यापकाची आणि त्याची चाचणीही त्याचीच. ज्या विषयशिक्षकांनी वर्गात बसून मार्गदर्शन करायचं, त्यांना त्यासाठी वेगळा वेळ किंवा मानधन सहसा मिळत नाही. कोठारी आयोगाने सांगितलेलं शाळेपासूनचं तुटलेपण इथे अजून शिल्लक आहे.

छात्रसेवाकाळात करायच्या कामांपैकी घटक चाचणी आणि कृतिसंशोधन यांत कॉपी सर्वाधिक. २५ गुणांच्या चाचणीसाठी आधी संविधान तक्ता करायचा: आडव्या ओळीत उपघटक, उभ्या रकान्यात उद्दिष्टं, प्रत्येक चौकटीत प्रश्नप्रकार व गुण, दोन्ही बाजूंची बेरीज पंचवीस. प्रत्यक्षात आधी प्रश्नपत्रिका होते आणि तक्ता नंतर तिच्या मापाने शिवला जातो. ते ओळखणं सोपं आहे: बेरजा जुळतात, पण उपयोजनाचा रकाना रिकामा किंवा नावापुरता असतो. कृतिसंशोधनात विषय फार मोठा घेतला जातो. ‘आठवीच्या विद्यार्थ्यांच्या शुद्धलेखनातील चुकांचा अभ्यास’ चार आठवड्यांत होत नाही. ‘शब्दाच्या शेवटची वेलांटी ऱ्हस्व काढणाऱ्या मुलांची चूक कमी करणे’ हे होतं. पूर्वचाचणीला वीस शब्द, तीन आठवडे रोज दहा मिनिटांचा ठरलेला सराव, उत्तरचाचणीला तेवढ्याच अवघडपणाचे दुसरे वीस शब्द. सुधारणा झाली नाही तर तसं लिहायचं. बाजारात तयार जर्नलं मिळतात. त्यांत मात्र सुधारणा न झालेलं कृतिसंशोधन सापडत नाही.

आता निरीक्षणाचं गणित. नियमानुसार वर्षाला १०० प्रवेश, म्हणजे दोन्ही वर्षांचे मिळून २०० विद्यार्थी असतील तर प्राचार्य धरून १६ पूर्णवेळ अध्यापक हवेत. समजा दोन वर्षांत मिळून प्रत्येकाचे २० पाठ नीट बघायचे, म्हणजे वर्षाला २००० पाठ, प्रत्येक अध्यापकाच्या वाट्याला १२५. एका दिवसात चर्चेसह चारच पाठ मन लावून बघता येतात, म्हणजे सुमारे ३१ दिवस. हे शक्य आहे. अध्यापक आठच असतील तर हेच ६२ दिवस होतात, आणि तेव्हा निरीक्षक एका वर्गात दहा मिनिटं, दुसऱ्यात दहा मिनिटं असं फिरू लागतो. सार्वजनिक विद्यापीठांच्या विभागांत आणि अनुदानित कॉलेजांत पदं वर्षानुवर्षं रिक्त राहतात, काम घड्याळी तासिकेवरच्या अध्यापकांवर चालतं. त्यांना शिकवल्या तासाचे पैसे मिळतात, पण शाळेत जाऊन पाठ बघणं आणि त्यानंतर अर्धा तास बोलणं यांची मोजदाद अनेकदा होत नाही. उत्तम शिकवणारी ही मंडळी वर्ष संपताच पुन्हा मुलाखतीच्या रांगेत उभी राहतात. हा अन्याय तर आहेच, शिवाय प्रशिक्षणाचा फेरा तुटण्याचं तेच सर्वांत मोठं कारण आहे.

मुक्त विद्यापीठाचा अनुभव याला पूरक आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने सेवेतल्या शिक्षकांसाठी दूरशिक्षणाने बी.एड. चालवलं. त्या विद्यार्थ्यांकडे स्वतःचा वर्ग रोज होता, सराव भरपूर होता. कमी पडायचा तो मागच्या बाकावर बसून बघणारा माणूस.

पदवीनंतरचा रस्ताही बदलला आहे, आणि तो प्रवेशाआधी माहीत असायला हवा. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की बी.एड. ही पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी पात्रता नाही, तिथे डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका लागते. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर: १५० गुण, अडीच तास, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के. महाराष्ट्रात भरतीसाठी त्यानंतर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची, त्यातले १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. तिच्या गुणांवर पवित्र या शासनाच्या शिक्षक भरती पोर्टलवरची निवड चालते. या साखळीत उमेदवाराला शिकवता येतं का, हे बघण्याची सोय फारशी नाही. म्हणून बी.एड.च्या काळात घेतलेले पाठ हीच अनेकांची शाळेतल्या पहिल्या दिवसाआधीची एकमेव तालीम असते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, आयटेप, २०२३-२४ पासून निवडक संस्थांत सुरू झाला. कल्पना नवी नाही. कुरुक्षेत्र विद्यापीठात १९६० मध्ये आणि एनसीईआरटीच्या अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर, म्हैसूर इथल्या प्रादेशिक महाविद्यालयांत १९६० च्या दशकात हे झालेलं आहे. आशय आणि पद्धती एकत्र शिकवता येतात म्हणून आम्हाला हा मार्ग पटतो, फक्त त्यासाठी भौतिकशास्त्राच्या आणि शिक्षणशास्त्राच्या अध्यापकांनी एकाच टाचणावर बसायला हवं. सार्वजनिक विद्यापीठाच्या आवारात दोघेही असतात, एकट्या बी.एड. कॉलेजात नसतात. विद्यापीठांनी हा फायदा अजून घेतलेला नाही. दुसरीकडे चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाचं बी.एड. पुन्हा आणण्याचा प्रस्ताव एनसीटीईच्या २०२५ च्या मसुद्यात आहे. एक वर्ष पुरतं का, हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात. एक वर्षाच्या बी.एड.मध्ये चांगले शिक्षक तयार झाले आहेत. त्या वर्षात पाठ मात्र रोज व्हायचे आणि रोज बघितले जायचे.

राहिला प्रवेश. पदवीला खुल्या प्रवर्गात ५० टक्के, राखीव प्रवर्गात ४५ टक्के. सीईटीत ९० मिनिटांत १०० प्रश्न: मानसिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३०, अध्यापन अभियोग्यता ३०. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नये. जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रं निकालाची वाट न बघता काढून ठेवावीत, कागदपत्रांच्या पडताळणीत सर्वाधिक अर्ज तिथेच अडतात. पर्याय भरण्याआधी कॉलेजात जाऊन दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना भेटावं. हजेरी न लावता प्रवेश देऊ, असं कोणी सुचवलं तर तिथून उठावं. तुमच्या अध्यापन पद्धतीला पूर्णवेळ अध्यापक आहे का, मागच्या वर्षी सोळा आठवडे कोणत्या शाळांत गेले, हे विचारावं. मग एखाद्याची टाचणवही मागून घ्यावी आणि एकाच घटकाचं टाचण दोनदा लिहिलेलं, मध्ये निरीक्षकाच्या हाताने पानभर मजकूर असलेलं, असं कुठे सापडतं का ते बघावं.